कोकिळाचा पंचम

गाणे शिकायला लागल्यावर पहिल्याच वर्षी बाईंनी आम्हाला एक श्लोक पाठ करायला लावला होता. मोर, चातक, बकरा, क्रौंच, कोकीळ, बेडूक आणि हत्ती हे अनुक्रमे षड्जापासून निषादापर्यंतचे, म्हणजे ‘सा’पासून ‘नी’पर्यंतचे, सात स्वर उच्चारतात, असा त्याचा अर्थ. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथातला हा श्लोक माझ्या जिभेवर इतका घट्ट बसला, की पुढे कित्येक वर्षे त्याची शहानिशा करावी असे मनातसुद्धा आले नाही. कोकीळ पंचम गातो, हे मी पाढ्यासारखे मानून चालले होते.

मग एका वसंतातल्या पहाटे, काळी चार पट्टीत तानपुरा लावून खर्जाचा रियाज चालू असताना, खिडकीबाहेर कोकीळ ओरडू लागला आणि पहिल्यांदा वाटले, की आता पाहूच या. हातात तानपुरा आहे, समोर कोकीळ आहे. पंचम सापडायला किती वेळ लागणार? मी त्याची हाक मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली, पट्टी तशीच ठेवून वेग तेवढा आधी निम्म्यावर आणि मग पाव पटीवर आणला, आणि डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकली.

वेग कमी केल्यावर जे ऐकू आले ते मला अजिबात अपेक्षित नव्हते. आपण ‘कुहू’ असे दोन अक्षरांत लिहितो, पण ते दोन स्वर नाहीत. आधी एक आखूड, खालचा स्वर येतो. तो नीट ठरतो न ठरतो तोच त्याच्यातून वर चढत जाणारी एक मींड, म्हणजे स्वरातून स्वरात न तुटता सरकणारा आवाज, निघते, आणि ही मींड वरच्या टोकाला कुठेही विसावत नाही, तिथे ती नुसती सुटून जाते. पुढची हाक पहिलीच्या किंचित वरून सुरू होते, तिच्या पुढची आणखी वरून. अशा सात-आठ हाकांत तो सगळा डोलारा चढत चढत जातो, आवाजातला ताण वाढत राहतो, आणि आता हा आणखी कुठे जाणार असे वाटत असतानाच पक्षी एकदम थांबतो. पंचम या सगळ्यात होताच, पण एका हाकेत तो वाटेत लागून मागे पडला होता, तर दुसऱ्या हाकेत सुरुवातच त्याच्या पुढून झाली होती.

पुढच्या तालमीला मी बाईंना हे सांगितले, बहुधा थोड्या विजयी स्वरात. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अगं, पण तू त्याला तुझा षड्ज कशाला दिलास?”

या प्रश्नाने माझी पुढची दोन-तीन वर्षे व्यापली, असे म्हटले तरी चालेल. पंचम म्हणजे हवेत लटकणारी वस्तू नाही. षड्ज ठरला तरच पंचम ठरतो. कोकिळाने षड्ज लावलेला नाही. त्याच्या गळ्यात पंचम शोधणे म्हणजे माझ्या घराच्या उंबऱ्यावरून त्याच्या झाडाची उंची मोजण्यासारखे होते. मग श्लोकाचा अर्थ काय? जुने ग्रंथ उघडून पाहिले तर तिथेही एकमत नाही. ‘नारदीय शिक्षा’ या त्याहून बऱ्याच जुन्या ग्रंथात ऋषभ चातकाचा नसून बैलाचा आहे, आणि धैवत बेडकाचा नसून घोड्याचा. स्वर मोजून ही यादी केली असती, तर बेडूक आणि घोडा एकाच जागी आलेच नसते. मला वाटते, हा श्लोक मोजमाप सांगत नाही. गळ्यातून काढलेल्या प्रत्येक स्वराला एक शरीर असते, स्वभाव असतो, तो जवळून किंवा लांबून येतो, आणि हे सगळे शिकायचे तर आधी बाहेर कान द्यावा लागतो, एवढेच तो नवशिक्याच्या मनावर ठसवतो.

निसर्गातल्या आवाजांतून संगीत कसे घडते, याचे सोपे उत्तर ‘नक्कल करून’ असे दिले जाते, आणि त्या उत्तरावर माझा विश्वास हळूहळू उडत गेला तो इथपासून. नक्कल करणारे संगीत पुष्कळ आहे आणि त्यातले काही रंजकही आहे. इटालियन संगीतकार व्हिवाल्डीच्या 1725 साली प्रसिद्ध झालेल्या ऋतूंवरच्या कन्सर्टोंमध्ये वसंताच्या संथ भागात व्हायोला हे वाद्य कुत्र्याचे भुंकणे वाजवते, आणि ते तसे स्वरलिपीत लिहूनही ठेवलेले आहे. बीथोव्हनच्या 1808 सालच्या सहाव्या सिम्फनीत दुसऱ्या भागाच्या अखेरीस बासरी नाइटिंगेल होते, ओबो लावा पक्षी होतो आणि क्लॅरिनेट कक्कू होतात. तिथे पक्ष्यांची नावे संगीतकाराने स्वतः लिहिली आहेत. बहुतेक लोकांना त्या भागातले हे पक्षी लक्षात राहतात. मला मात्र त्याआधीची जवळजवळ दहा मिनिटे महत्त्वाची वाटतात, जिथे तंतुवाद्यांच्या खालच्या थरात एक ओढा अखंड वाहत असतो आणि त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. बीथोव्हनने याच सिम्फनीविषयी लिहून ठेवले होते, की हे चित्र रंगवणे कमी आणि भावना व्यक्त करणे अधिक आहे. ओढ्याच्या बाबतीत ते मला शंभर टक्के पटते.

आपल्याकडे याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे मियाँमल्हार हा पावसाळ्याचा राग. त्यात पाऊस कुठे आहे? पावसाच्या थेंबांची नक्कल त्यात नाही, बेडकांची नाही, मोराचीही नाही. पण कोमल गंधार ज्या तऱ्हेने लागतो तो पाहा. मध्यमाचा आधार घेऊन आवाज खाली गंधाराकडे झुकतो, तिथे स्थिर न होता संथपणे झुलतो, पुन्हा मध्यमाला शिवतो, पुन्हा झुकतो, आणि मग ऋषभावरून षड्जावर येऊन निवतो. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, कोमल आणि शुद्ध असे दोन्ही निषाद इतके लागून येतात, की त्यांच्या मधली फट कानाला एखाद्या दडपणासारखी जाणवते. मी हा गंधार सुरुवातीला हलवायची; झोका मोजून द्यायची. बाईंनी थांबवून सांगितले, “त्याला धक्का देऊ नकोस, तो भरून येऊ दे.” भरून येणे हा शब्द आपण आभाळासाठी वापरतो, गळ्यासाठी वापरतो आणि मनासाठीही वापरतो. ढगाचा आवाज गळ्यातून काढणे कुणाला जमायचे नाही, पण ढग ज्या गतीने जमतो ती गती गळ्यात आणता येते. निसर्गाकडून संगीताने जे घेतले त्यातले सर्वांत मोलाचे हेच आहे, असे मला मनापासून वाटते: वस्तूचा आवाज घेण्याऐवजी वस्तूची वागणूक घेणे.

या वागणुकीपर्यंत पोहोचायला किती चिवट ऐकणे लागते, हे विसाव्या शतकातल्या ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराकडे पाहिले की कळते. हा माणूस पहाटे वही-पेन्सिल घेऊन रानात जायचा आणि पक्ष्यांचे गाणे जागेवर स्वरलिपीत उतरवायचा. अडचणी तीन होत्या. पक्षी बहुतेक वाद्यांच्या आवाक्याबाहेर उंच गातात; माणसाच्या बोटांना झेपणार नाही इतके जलद गातात; आणि त्यांच्या दोन स्वरांमधले अंतर पियानोच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतरापेक्षाही कमी असू शकते. मेसियाँने गाणे खालच्या सप्तकात आणले, वेग कमी केला, आणि सर्वांत लहान अंतर पियानोवर मावेल इतके ताणून बाकीची अंतरेही त्याच प्रमाणात ताणली. एखाद्या शिल्पकाराने मुंगीची मूर्ती हत्तीएवढी करावी, पण तिच्या अवयवांचे प्रमाण बिघडू देऊ नये, तसे हे काम. पक्ष्याच्या आवाजाचा पोत पियानोवर यावा म्हणून तो एकेका स्वरामागे वेगवेगळे स्वरसमूह उभे करायचा. 1956 ते 1958 या काळात त्याने अशा तेरा रचनांची एक मालिका केवळ पियानोसाठी लिहिली. ती ऐकताना पक्षी ओळखू येतोच असे नाही, आणि मला त्याचे काही वाटत नाही. गाणे अचानक सुरू होणे, तितक्याच अचानक तुटणे, मधली लांबलचक शांतता आणि मग अगदी अनपेक्षित दिशेने आलेले उत्तर हे सगळे तिथे आहे. ज्या शार्ङ्गदेवाच्या श्लोकापासून माझा हा शोध सुरू झाला, त्याच शार्ङ्गदेवाने नोंदवलेल्या 120 देशी तालांचा मेसियाँने कसून अभ्यास केला होता आणि ते आपल्या संगीतात वापरले होते, हे कळले त्या दिवशी मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

पक्ष्यांना हे जमते कसे, याचे एक कारण त्यांच्या शरीरात आहे. आपले स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाशी असते; पक्ष्यांचे तिच्या तळाशी, जिथे ती दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे असते. तिथल्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालू शकत असल्यामुळे कित्येक गाणारे पक्षी एकाच वेळी दोन वेगळे स्वर काढू शकतात. एकट्या गळ्याने जुगलबंदी करणाऱ्या गायकाशी आपण बरोबरी तरी कशी करणार!

पण नाते एकाच दिशेचे नाही. मोझार्टने 27 मे 1784 रोजी एक साळुंकीच्या कुळातला पक्षी, स्टार्लिंग, विकत घेतला आणि त्याची नोंद आपल्या खर्चाच्या वहीत केली. त्याच नोंदीपाशी त्याने या पक्ष्याने म्हटलेली धून लिहिली आहे. ती थोड्याच दिवसांपूर्वी त्याने पूर्ण केलेल्या जी मेजर पियानो कन्सर्टोच्या शेवटच्या भागातली धून आहे, मात्र पक्ष्याने एके ठिकाणी स्वर जास्त लांबवला आहे आणि एका स्वराला तीव्र केले आहे. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर, बंदिश गुरूची आणि त्यातली हरकत शिष्याची. मोझार्टने खाली लिहिले आहे, ‘हे सुंदर होते!’ चुकले असे लिहिले नाही, याचे मला फार कौतुक वाटते. हा पक्षी तीन वर्षे त्याच्याजवळ राहिला आणि 4 जून 1787 रोजी मेला, तेव्हा मोझार्टने त्याच्यावर कविता लिहिली.

निसर्गाचा आवाज आणि संगीत यांच्यात आपण जी रेघ मारतो, ती सगळीकडे मारली जात नाही. रशियाच्या दक्षिण सायबेरियातल्या तुवा प्रांतातले गायक एकाच गळ्यातून खालचा स्थिर स्वर आणि वर शिट्टीसारखा दुसरा स्वर काढतात, आणि वाहत्या पाण्याची किंवा वाऱ्याची साथ घेऊन गाणे ही त्यांची जुनी रीत आहे. जपानी शाकुहाची बासरीवर दोन हरणांनी लांबून एकमेकांना घातलेली साद दोन वादक आलटून पालटून वाजवतात. पापुआ न्यू गिनीच्या पावसाळी जंगलात राहणाऱ्या कालुली लोकांची गोष्ट मात्र मला या सगळ्यांत विलक्षण वाटते. अमेरिकी संशोधक स्टीव्हन फेल्ड यांनी 1970च्या दशकापासून त्यांच्यात राहून त्यांचे गाणे अभ्यासले. कालुलींची एक कथा आहे: बहिणीकडे खायला मागून ते न मिळाल्यामुळे एक मुलगा मुनी नावाचा पक्षी होतो. या पक्ष्याची हाक खाली उतरत जाते, आणि त्यांच्या विलापगीतांची चाल त्याच उतरत्या स्वरांवर उभी आहे. गाणे म्हणजे पक्ष्याच्या तोंडून बोलणारे दुःख, असे ते समजतात. गाण्याच्या चालीचे वर्णनही ते पाण्याच्या शब्दांत करतात. स्वर कसा कोसळतो, कुठे साचतो, कुठे समतल वाहतो हे सांगायला धबधब्याचे आणि ओढ्याचेच शब्द. त्यांच्या भाषेत धबधब्याला ‘सा’ म्हणतात. हा निव्वळ योगायोग आहे हे मला कळते, तरी तानपुरा लावताना कधीकधी ते आठवतेच.

हत्तीच्या निषादाविषयी मी बराच काळ काही ठरवू शकले नव्हते. श्लोकात सर्वांत वरचा स्वर सर्वांत अवाढव्य प्राण्याला का दिला असेल? त्याचे उत्तर मला मिळाले नाही, पण शोधताना केटी पेन यांची हकीकत हाती लागली. त्या मूळच्या संगीताच्या विद्यार्थिनी. 1984 साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ बसलेल्या असताना त्यांना हवेत एक धडधड जाणवली; कानाला काही ऐकू येत नव्हते. लहानपणी चर्चमध्ये समूहगायनाला उभे राहताना ऑर्गनच्या सर्वांत मोठ्या नळीजवळ अंगाला असेच जाणवायचे, हे त्यांना आठवले. पुढे केलेल्या ध्वनिमुद्रणातून सिद्ध झाले, की हत्ती एकमेकांशी माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या खर्जात बोलतात. त्यांच्या काही हाका सेकंदाला 20 कंपनांच्या, म्हणजे आपल्या श्रवणाच्या मर्यादेच्याही खाली असतात. संगीत ऐकून तयार झालेल्या शरीराने विज्ञानाला दिलेला हा शोध आहे.

याच केटी पेन यांनी त्याआधी आणि नंतरही हंपबॅक देवमाशांच्या गाण्यावर काम केले. त्यांचे त्या वेळचे पती, जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी 1970 साली या देवमाशांच्या ध्वनिमुद्रणांची तबकडी प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी, स्कॉट मॅकव्हे यांच्यासह, हे आवाज ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्याला गाणे म्हणावे, असे शास्त्रीय निबंधात मांडले. गाणारे नर एका प्रदेशात एका वेळी जवळपास एकच गाणे गातात, आणि ते गाणे वर्षागणिक बदलत जाते. जुन्या चालीत नव्या जागा येतात, काही गळून पडतात. घराण्याची गायकी पिढ्यांमध्ये जशी बदलते तसे हे, फक्त कितीतरी अधिक वेगाने. ती तबकडी निघाली त्याच वर्षी अमेरिकी संगीतकार ॲलन होव्हानेस यांनी वाद्यवृंद आणि देवमाशांचे मुद्रित आवाज यांची एकत्र रचना केली, आणि 1977 साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवरही देवमाशांचे गाणे गेले. त्याच तबकडीवर रातकिडे, बेडूक, पाऊस आणि मेघगर्जनेचे आवाज आहेत, आणि केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. या एका तबकडीपुरती तरी ती रेघ कुणी मारलेली नाही, याचे मला समाधान वाटते.

पुन्हा कोकिळाकडे यायचे तर त्याच्याविषयी एक गोष्ट मला उशिरा कळली. कावळ्याच्या घरट्यात वाढलेल्या कोकिळाला त्याचे गाणे कुणी शिकवत नाही. पाळणाघरात चोवीस तास कावकाव ऐकूनही मोठेपणी त्याच्या तोंडून आपलीच हाक निघते, कारण कोकीळकुळातल्या पक्ष्यांचे आवाज उपजत असतात. गाणाऱ्या छोट्या पक्ष्यांचे तसे नाही. त्यांच्या पिल्लांना मोठ्या नरांचे गाणे ऐकावे लागते, मनात साठवावे लागते, आधी बोबडे, मग तुटक, मग नीट असे घोटावे लागते. त्यांचे अगदी आपल्यासारखे आहे. न ऐकता त्यांना गाता येत नाही.

ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर नावाचा काळा-पिवळा, देखणा पक्षी आहे. जंगलतोडीमुळे तो इतका विरळ झाला आहे, की रानात आता काहीशेच उरले आहेत. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की कित्येक तरुण नरांना स्वतःच्या जातीचे गाणे येत नाही. जवळपास शिकवणारा वडील पक्षीच नसल्यामुळे ते शेजारच्या दुसऱ्याच जातीच्या पक्ष्यांचे गाणे उचलतात, आणि मग त्यांना जोडीदार मिळणे अवघड होते. पिंजऱ्यात वाढवून रानात सोडायच्या पिल्लांना वाचवण्यासाठी शास्त्रज्ञांनी त्यांना मूळ गाण्याची ध्वनिमुद्रणे ऐकवायला सुरुवात केली. शिवाय रानात जन्मलेले, गाणे नीट येणारे नर पिल्लांच्या शेजारी ठेवले, आणि समोर बसून गाणाऱ्या त्या गुरूंकडून पिल्ले ध्वनिमुद्रणापेक्षा चांगली शिकली.

हे मी बाईंना वाचून दाखवले. त्यांनी आता शिकवणे बरेच कमी केले आहे, ऐकूही थोडे कमी येते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तो तानपुरा घे आणि गंधार लाव, मला जरा जवळून ऐकू दे.”